अष्टमीची रोषणाई

कोलकात्यात, डमडमच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकली, दिवे मालवले, आणि उदयकाकांनी अथर्व आणि प्राजक्तासाठी सुचित्राची गोष्ट काढली. ती त्यांच्याच बँकेत होती, नाशिकहून बदलून आलेली. अथर्वनं विचारलं, भूत बंगाली की मराठी? काका म्हणाले, ते तूच ठरव.

गेल्या वर्षीची दुर्गापूजेची अष्टमी. सुचित्राला अर्धशिशीवर नवी गोळी सुरू होऊन आठवडा झाला होता. नवरा, केदार, न्यू टाउनला रात्रपाळीवर. संध्याकाळी ती कोपऱ्यावरून दूध घेऊन आली, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं होतं. तिला वाटलं, पूजेची रोषणाई. यंदा पूजा भरवणाऱ्या क्लबवाल्यांनी हात सैल सोडलाय. कौतुकानं बघत राहिली.

रात्री अकराला स्वयंपाकघरातल्या साध्या बल्बभोवतीही तेच कडं दिसलं, तेव्हा मात्र ती चरकली.

डोळे ठणकू लागले. उलटी झाली. फोन नाकाशी धरला तरच अक्षरं दिसत. हातभर लांबचं सगळं धुकं. दोन गल्ल्या पलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिनं फोन लावला. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं आणि त्यांचा आवाजच बदलला. क्वचित एखाद्याच्या डोळ्यांना ही गोळी बाधते, एकाएकी मोठा नंबर येतो, आत दाब चढतो, म्हणाले. "आत्ताच्या आत्ता या. सकाळपर्यंत थांबलात तर नजर जाईल."

केदार निघाला, पण पूजेच्या गर्दीत रस्ते बंद.

तिच्या घराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार, कुलूप बाहेरच्या अंगाला. जाळीतून हात घालून किल्ली लावायची. कुलपाचं भोक दिसेना. किल्ली पडली... पलीकडे.

तिनं हाका मारल्या. इमारत रिकामी, सगळे मंडपांत ठाकूर, म्हणजे देवीच्या मूर्ती, बघायला गेलेले. बाहेर ढाक, पूजेचा ढोल, घुमत होता.

गुडघ्यांवर बसून ती चाचपू लागली. धूळ. फरशी. किल्ली नाही. हात जरा जोरात लागला, तर किल्ली जिन्यावरून खाली जायची... तिनं हात थांबवला.

ढाक थांबला.

मागे कुणीतरी श्वास घेतला.

घरात ती एकटी होती.

दोन गार बोटं... कानांमागून पुढे आली. हळू. केस सावरावेत तशी. नाकावर काहीतरी टेकलं. बाईचा आवाज कुजबुजला, बंगालीत.

"मागे बघू नकोस, पोरी."

धुकं फाटलं. किल्ली पायरीच्या काठावर, अर्धी अधांतरी.

तिनं ती उचलली. कुलूप काढलं. वळली नाही...

प्राजक्तानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि विचारलं, मग डोळे?

वाचले, काका म्हणाले. गोळी बंद झाली, आठवड्याभरात नजर पूर्ववत. पण त्या रात्री तपासायला बसवल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "चष्मा काढा."

सुचित्राला चष्मा नव्हता. कधीच नव्हता.

बारीक तारेचा, जुना, गोल. डॉक्टरांनी आधी तिचे डोळे तपासले, मग त्या काचा नंबर मोजायच्या यंत्रावर धरल्या. परत धरल्या.

दोन्ही काचांत तिच्याच डोळ्यांचा नंबर होता. त्याच संध्याकाळी आलेला.