शक्यता कमी आहे

मृदुलाने मागवलेला पेसरट्टु, म्हणजे मुगाचा डोसा, भलताच माणूस खात होता.

"तो माझा आहे," ती म्हणाली.

"असेल," तो निवांतपणे म्हणाला. "पण आता उष्टा झाला. दुसरा सांगतो. आलं जास्त चालेल ना?"

हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या त्या टिफिन सेंटरच्या वरच तिचं ऑफिस होतं. परदेशातल्या बिझनेस स्कूलला जाऊ पाहणाऱ्यांची सगळी माहिती तपासायची आणि प्रवेशाची शक्यता किती ते सांगायचं, हे तिचं काम. ती जिना चढून वर आली, तर मागोमाग तोच हात पुसत आला. प्रणीत. आंध्रातल्या भीमवरमचा, कोळंबीची तळी असलेल्या घरातला, बॉस्टनला शिकायला जाऊ पाहणारा.

मृदुलाला कुणाचंच पटकन खरं वाटत नसे. मागे एका उमेदवाराने स्वतः कधीच न काढलेल्या शाळेची गोष्ट सांगितली होती. तिने ती भाबडेपणाने त्याच्या अर्जात सजवून दिली आणि त्याच्याबरोबर तिचंही नाव खराब झालं. तेव्हापासून कुणी चांगली गोष्ट सांगितली की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

प्रणीतची गोष्ट तर फारच चांगली होती. तळ्यांवर रोग आला. वडील म्हणाले, गप्प राहा, माल जाऊ दे. याने व्यापाऱ्याला स्वतः फोन करून सांगून टाकलं. हंगाम बुडाला, आणि वडिलांनी बोलणं टाकलं.

"याला साक्षीदार?"

"वडील. पण ते बोलत नाहीत."

"सोयीचं आहे."

"मृदुलागारू," तो तेलुगू अदबीने म्हणाला, "तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

"तिथे पेसरट्टु मिळत नाही."

तो हसला. तिने हसू दाबलं... आणि पुढचा प्रश्न विचारला.

तो येत राहिला. ती त्याला आडून आडून पेचात पकडू बघायची. "रोग आलाय हे कळलं कसं? वासावरून?"

"वास नंतर येतो. आधी कोळंब्या काठाला येतात. हाताने उचलल्या तरी पळत नाहीत." एवढं बोलून तो स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला. तीही बघत राहिली – मग घाईने पंखा वाढवायला उठली. इतकं छान बोलणारा माणूस खरा असेल? तिचं मन मानेना.

शेवटी तिने काकीनाड्याच्या त्या व्यापाऱ्याचा नंबर मिळवून फोन लावला.

"तो होय? त्याच्या पायी माझी मोठी ऑर्डर गेली," व्यापारी खेकसला. मग थोडा थांबून म्हणाला, "पण आता माल घेईन तर डोळे मिटून त्याच्याचकडून."

दुसऱ्या दिवशी प्रणीत समोर बसला. "बोला. शक्यता किती?"

"कमी आहे," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

"परवा तर बरी म्हणालात. एवढ्यात माझं काय बिघडलं?"

तिने समोरचे कागद उगाच सारखे केले.

"आता मला संशय येतोय," तो हळूच म्हणाला. "ही कमी शक्यता अर्जावरून काढलीत... की आणखी कशावरून?"

तिने मान खाली घातली. "व्यापाऱ्याशी बोलले मी. तुम्ही खरं सांगत होतात. शक्यता चांगली आहे, खूपच चांगली. तुम्ही बॉस्टनला जाल आणि तिकडचेच होऊन राहाल. सगळे तसेच राहतात. म्हणून... खोटं बोलले."

खाली तव्यावर पीठ चरचरलं.

"माझ्या अर्जातल्या निबंधातही एक थाप आहे," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. "कुठली?"

"लिहिलंय, शिकून परत येईन ते तळ्यांसाठी."

"म्हणजे येणार नाही?"

"येईन. पण नुसत्या तळ्यांसाठी नाही. भीमवरमला जाताना वाटेत हैदराबाद लागतं."

मृदुलाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. नेहमीसारखंच, खोट शोधत. मग लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

"पाठवा अर्ज. माझं मन फिरायच्या आत."

त्याने बटण दाबलं. टेबलावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला... आणि तिने तो राहू दिला.