कासवाची खुंटी

"मंजूला न्यायला आलोय," दारातला माणूस म्हणाला.

गोदावरीने मान वर केली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते. पोळा उद्यावर आला होता, आणि पंचवटीतल्या त्या एका खोलीच्या बालवाडीत एकतीस मुलं मातीचे बैल करत बसली होती. बैल म्हणजे काय, कुणाच्या बैलाला तीन पाय, तर कुणाच्या बैलाला शेपटीच दोन. पण प्रत्येकाला आपलाच बैल सगळ्यांत देखणा वाटत होता.

"चित्र सांगा," गोदावरी म्हणाली.

"कसलं चित्र?"

"मंजूचं."

तो गोंधळला. उंच, सावळा, छत्री असूनही अर्धा भिजलेला. बाहेर श्रावणसर येऊन गेली होती. "मी मामा आहे तिचा. ढुंढिराज. एकलहऱ्याला असतो, वीजकेंद्रात. ताईला बरं नाही म्हणून..."

"असाल हो. पण चित्र सांगितल्याशिवाय आम्ही मूल सोडत नाही."

बालवाडीचा तो नियमच होता. चार वर्षांच्या पोरांना कुठे नाव वाचता येतंय? म्हणून प्रत्येकाला एक चित्र दिलेलं असे. खुंटीवर, पेल्यावर, बसकरावर, केलेल्या वस्तूंवर तेच चित्र. आणि न्यायला येणाऱ्याने ते सांगायचं. गेल्या वर्षी एक कमी दिसणारे आजोबा भलत्याच बबलूला उचलून घरी घेऊन गेले होते. त्या पोरानेही 'मी तुमचा नव्हे' असं काही कळवलं नाही. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि झोपून गेला. तेव्हापासून हा कडक बंदोबस्त.

"ससा?" ढुंढिराजने चाचपडत विचारलं.

"नाही."

"मग... मांजर?"

"ही काय लॉटरी आहे का? असे अंदाज घेऊन मुलं वाटली तर अर्ध्या तासात बालवाडी रिकामी होईल."

"मंजे, सांग ना गं मामाला."

मंजूने बाईंकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. नियम म्हणजे नियम!

बिचारा आला तसा परत गेला. वीस मिनिटांनी सायकल दामटत पुन्हा हजर झाला, या वेळी नखशिखांत भिजून. दारात ताठ उभा राहून त्याने गंभीरपणे जाहीर केलं, "भोपळा."

"बरोब्बर!" एकतीस पोरं एका सुरात ओरडली. बालवाडीत उत्तर बरोबर आलं की असंच ओरडायचं असे. गोदावरीला हसू आवरेना. हसताना तिने तोंडावर हात धरला, आणि तो हात चिखलाचा होता हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

मंजूच्या चपला शोधता शोधता त्याने हळूच विचारलं, "बाईंना पण चित्र असतं का हो?"

"असतं. फक्त मुलांना माहीत आहे."

"काय आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? मला न्यायला थोडंच यायचंय तुम्हाला?"

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते. कानांच्या पाळ्या तापल्या. तिने घाईघाईने एका बैलाला चौथा पाय लावला, आणि तो नेमका पाठीवर लागला.

तेव्हापासून ढुंढिराजची कामाची पाळी जमली, की मंजूला न्यायचं काम मामाचं ठरून गेलं. ताईची तब्येत केव्हाच सुधारली होती, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तो आला की भोपळा म्हणायचा, मंजूला घ्यायचा आणि जाता जाता एक अंदाज टाकायचा.

"मोर?"

"नाही."

"मैना?"

"अहं."

"गाय तर नसेल?"

"घरी जा तुम्ही!"

एका दिवशी एकच अंदाज. त्याच्या स्वभावात घाई नव्हतीच. एक वाक्य बोलायला तो इतका वेळ घ्यायचा, की गोदावरीला मधले शब्द आपणच घालावेसे वाटायचे. बत्तिसाव्या खुंटीवर कासवाचं चित्र होतं. कुठल्याच मुलाला कासव नको असायचं, म्हणून ती खुंटी रिकामी राहायची. मदतनीस सिंधुबाईंनी एकदा त्याची ओली छत्री तिथे अडकवली आणि म्हणाल्या, "ह्ये बरं झालं. लय दिस रिकामी व्हती. पावणं बी तसंच हाय, सावकाश." मुलांनी ते उचलून धरलं. ढुंढिराज हे नाव तशीही कुणाच्या जिभेवर चढत नव्हतं. तो कासवमामा झाला.

कासवमामाने नवरात्रात मुलांना पुठ्ठ्याच्या नळ्या आणून दिल्या, त्यांचे ढोल झाले. दसऱ्याच्या तोरणाला मुलांनी भेंडीचे ठसे उमटवले, तेव्हा तोही मांडी घालून ठसे मारत बसला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर एक लाल ठसा राहिला होता. पुढच्या वेळी तोच शर्ट धुऊन घालून आला तरी तो फिका ठसा दिसत होता, आणि गोदावरीची नजर सारखी तिथेच जात होती. इतकं सगळं झालं. पण मुद्द्याचं बोलणं? छे! नावच नको.

आणि मग धुळ्याचं स्थळ आलं.

मुलगा बँकेत, स्वभावाने शांत, घरचं बरं. फोटो पाहून त्यांनी पसंती कळवली. गोदावरीचे वडील अण्णा गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, यात्रेकरूंचे विधी करत. शेकडो लोकांशी बोलून त्यांना माणसाचं मन थोडंफार वाचता येत असे. "तुझ्या मनात दुसरं काही असेल तर सांग," ते म्हणाले. "नाहीतर भाऊबीज झाली की होकाराचं पत्र टाकतो. लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही."

काय सांगणार? एक माणूस येतो, जनावरांची नावं घेतो आणि निघून जातो, हे सांगायचं?

तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. बालवाडीला दिवाळीची सुट्टी लागणार होती, आणि आदल्या दिवशी आकाशकंदील करायचे होते. तिने चिकटवायला खळ शिजत ठेवली आणि विसरली, खळ करपली. पतंगी कागद कापायला घेतला आणि शेपट्याच शेपट्या कापत सुटली. "बाई, कंदिलाला किती शेपट्या?" मुलं विचारत होती. ती दाराकडे बघत होती. साडेअकरा झाले. मंजूला न्यायला आज तिची आई, इंदिराताई, आली.

"कासवमामा न्हाई का आला?" सिंधुबाईंनीच विचारलं. गोदावरीने त्यांना मनातल्या मनात दंडवत घातला.

"कुठला येतोय! दिवाळीत सगळे रजेवर, आणि हा दोन-दोन पाळ्या करतोय. आता भाऊबीजेलाच."

भाऊबीजेला! आणि त्यानंतर पत्र...

गोदावरी आत गेली. चित्रकलेचा एक कागद घेतला. एका बाजूला पाठीवर पणती घेतलेलं कासव काढलं, दुसऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्या. सही करताना हात थबकला. नाव? नको... तिने नावाच्या जागी आपलं चित्र काढलं. कागदाची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि मंजूच्या पिशवीत घातली.

"मामाला द्यायचं हं. फक्त मामाला."

"त्यात काय आहे?"

"मामाचं चित्र."

पुढचे चार दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. इंदिराताईंनी कागद एकलहऱ्याला पाठवला असेल का? त्याने वाचला असेल का? वाचून हसला असेल? करंज्या करताना तिने सारण न घालताच सात करंज्या मिटवल्या. सायकलची घंटा वाजली की खिडकीत धावायची. कधी दूधवाला, कधी कुणी यजमान. पाडवाही गेला. निरोप नाही, चिठ्ठी नाही... वाचूनही गप्प बसला म्हणजे उत्तर दिल्यासारखंच की! तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतं रडायला आलं.

भाऊबीजेला संध्याकाळी ती गच्चीवर गेली. तिला भाऊ नव्हता. दर वर्षी ती चंद्रालाच ओवाळायची. कोर इतकी बारीक होती की शोधावी लागली. ओवाळून झालं आणि तिने तबक आईच्या हातात दिलं.

"मंजूला थोडा फराळ देऊन येते."

"आत्ता?"

"जवळच तर आहे!"

दोन गल्ल्या ओलांडून ती इंदिराताईंच्या घरापाशी आली आणि जागच्या जागी खिळली.

ओट्यावर मंजूने बालवाडीत केलेला कंदील लटकत होता. आत दिवा होता. कंदिलाच्या पुढच्या अंगावर, खळीने चांगलं चोपडून चिकटवलेलं, पाठीवर पणती घेतलेलं कासव. आणि दिव्याच्या उजेडात कासवाच्या पोटातून पलीकडची चार ओळींची अक्षरं उमटली होती. उलटी, पण ठसठशीत.

अरे देवा! म्हणजे त्याने वाचलंच नव्हतं. आणि आता अख्खी गल्ली वाचणार होती.

तिने इकडेतिकडे पाहिलं. फराळाचा डबा खाली ठेवला, ओट्यावरचं स्टूल ओढलं, वर चढली आणि कंदिलाला हात घातला.

"बाई... कंदील चोरताय?"

दारात तो उभा होता. कपाळाला नुकताच लावलेला टिळा, हातात अर्धा लाडू.

"मी... ते... वाकडा लटकला होता."

"आत्ताच तर लावला. होल्डर तुटला होता, चार दिवस तसाच पडून होता म्हणे. दहा मिनिटांपूर्वी बसवला." तो जवळ आला. "मंजू म्हणाली, बाईंनी मामाचं चित्र दिलंय, म्हणून तिनेच ते कंदिलाला लावलं. छान काढलंय हो. पण हे मागे काय..."

"वाचू नका!" ती म्हणाली. मग एकदम म्हणाली, "नाही. वाचा."

तो वाचू लागला. उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर लावत. स्टुलावर उभी राहून गोदावरी त्याचे ओठ हलताना बघत होती. जीव नुसता कासावीस झाला होता.

"किती वेळ!"

"उलटं आहे ना..."

"सुलटं असतं तरी एवढाच लागला असता!"

तो हसला नाही. शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. "धुळ्याचं स्थळ आलंय," त्याने हळूच वाचलं. "भाऊबीज झाली की अण्णा होकार कळवतील. मला धुळ्याला जायचं नाही. कासवाने आता तरी... चालावं."

गल्लीत एक फुलबाजी तडतडली.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "आज सकाळी घरी, उद्या मध्यरात्री कामावर... असा पाळीवाला माणूस तुमच्या घरी कोण पसंत करणार? म्हणून रोज एकच अंदाज टाकायचो. म्हणजे दुसऱ्या दिवशी यायला कारण उरायचं."

आणि मग त्याचं लक्ष ओळींच्या खाली गेलं. तिथे एक चित्र होतं. झुबकेदार शेपटी, टवकारलेले कान. त्याने ते बघितलं, स्टुलावर चुळबुळत उभ्या असलेल्या तिला बघितलं. हातातला लाडू कठड्यावर ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"चालतोय."

आणि चालला की! असा भराभर, की गोदावरीला मागून पळावं लागलं. आतून इंदिराताई ओरडत होत्या, "अरे ढुंढी, फराळ!" पण ऐकतो कोण?

अण्णा ओट्यावर दिव्याखाली बसले होते. मांडीवर धुळ्याचं पाकीट, हातात डिंकाची बाटली. पाकिटाच्या कडेला डिंक लावून झाला होता, फक्त मिटायचं बाकी होतं.

"या," अण्णा सवयीने म्हणाले. "कुठले आपण?"

"एकलहऱ्याचा."

"काय काम काढलंत?"

दोन गल्ल्या चालताना त्याने बरंच काही जुळवलं असणार. पगार, गाव, गोत्र, सगळं. पण अण्णांच्या चष्म्यासमोर त्यातलं एक अक्षर आठवेना. तो ताठ उभा राहिला, एकदा बालवाडीच्या दारात उभा राहिला होता तसा.

"न्यायला आलोय," तो म्हणाला.

अण्णांचा हात थांबला. "कुणाला?"

ढुंढिराजने मागे पाहिलं. गोदावरी पायरीपाशी धापा टाकत उभी होती. पण आवाज मात्र अगदी बालवाडीतल्या बाईंचा निघाला.

"चित्र सांगा."

"खारूताई."

अण्णांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. तीन वर्षं ते रोज सकाळी तिचा डबा तिच्या हातात देत आले होते. त्या डब्यावर तिने रंगवलेली झुबकेदार शेपटीची खार त्यांना चांगलीच ओळखीची होती.

"बरोबर आहे," ते सावकाश म्हणाले. मग ओट्यावर हात फिरवून त्यांनी जागा केली. "बसा. आधी चौकशी, मग नेणं." आणि आत आवाज दिला, "अहो, ऐकलंत का? फराळाचं एक ताट वाढा."

चौकशी बराच वेळ चालली. ढुंढिराज एकेका प्रश्नाचं उत्तर इतक्या निवांतपणे देत होता, की दाराआड उभ्या असलेल्या गोदावरीला मधले शब्द आपणच घालावेसे वाटत होते. पण या खेपेला तिने ओठ घट्ट मिटून घेतले. ओट्यावर धुळ्याचं पाकीट तसंच उघडं पडलं होतं, आणि त्याच्या कडेचा डिंक केव्हाच वाळून गेला होता.