बसून दाखवा

“ही खुर्ची बसायला कशी आहे हो?”

“एकदम आरामशीर.”

“तुम्ही बसून पाहिलीय?”

“नाही.”

“मग आरामशीर आहे कशावरून?”

आता याला काय सांगायचं, कपाळ! बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकान बंद व्हायला अजून अर्धा दिवस होता, तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, आणि हा खाकी शर्टातला तरुण एक हात कमरेवर ठेवून तिची उलटतपासणी घेत होता.

“आम्हाला बसायची परवानगी नाही,” ती म्हणाली.

तो हसला, अगदी खळखळून. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

“म्हणजे... खरंच?”

“खरंच.”

“एवढ्या खुर्च्यांच्या मधे उभं राहून?”

“तुम्हाला खुर्ची घ्यायचीय की मुलाखत?”

झालं होतं असं, की फर्निचरचं हे दुकान तिच्या सख्ख्या मामाचं. घरात तो मामा आणि ‘अरे-तुरे’. दुकानात मात्र त्याला ‘साहेब’ म्हणायचं. तोही कामावरच्या बायकांना नावाने हाक मारत नसे. जिच्याकडे जो विभाग, तेच तिचं नाव. भाची खुर्च्या विकायची म्हणून ती ‘खुर्ची’. कपाटं, पलंग आणि गाद्या विकणाऱ्या वयस्क बाई म्हणजे ‘कपाट’. भाचीच तेवढी त्यांना आदराने कपाटताई म्हणायची.

“बसलेली विक्रेती म्हणजे झोपलेलं दुकान!” असं मामा रोज सकाळी शटर वर गेलं की सांगायचा, आणि हे सांगून झालं की स्वतः गल्ल्यामागच्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसायचा. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक त्याने मुद्दाम काढलं नव्हतं. कोणी जरा टेकलं की ते चरचरायचं, आणि मामाचे कान असे तिखट की कोणत्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिक वाजलं तेही त्याला कळायचं.

“मी बस चालवतो,” तो तरुण हळूच म्हणाला. “दिवसभर बसून बसून कंबरेचं भजं झालंय. डॉक्टर म्हणतात, संधी मिळेल तेव्हा उभे राहत जा.”

“मला बसायला सांगतात.”

“मग आपल्या दोघांच्या ड्युट्या उलट्या लागल्यात की!”

तिला हसू आलं. ते दाबायला तिने ओठ मुडपले, पण ड्रायव्हरला आरशातून मागचं सगळं बघायची सवय असते. त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने गल्ल्याकडे तोंड करून आवाज चढवला.

“साहेब! खुर्चीत माणूस बसल्यावर ती कशी दिसते ते बघायचंय. मी बसलो तर मला कसं दिसणार?”

मामा पेचात पडला. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. “दाखव गं बसून,” तो तिथूनच ओरडला.

आणि ती बसली! प्लॅस्टिक चरचरलं आणि कोणी ओरडलं नाही. तळव्यांतली आग हळूहळू उतरायला लागली, गुडघे सैल पडले आणि तिचे डोळे आपोआप मिटले. तो समोर उभा होता.

“झालं बघून?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“छे, छे. मी फार विचार करून खरेदी करतो. तुम्ही बसा.”

त्याने बराच वेळ विचार केला आणि काहीच न घेता निघून गेला.

चार दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. “ती हात असलेली खुर्ची जरा दाखवा ना... बसून.” मग डुलती खुर्ची. मग एक सोफा, ज्याच्यासाठी, तो म्हणाला, घरात जागाच नव्हती, पण माहिती असलेली बरी. तो उभ्या उभ्या बसच्या गमती सांगायचा, ती बसल्या बसल्या हसायची, आणि दोघांचंही दुखणं तेवढ्यापुरतं पळायचं. हे गिऱ्हाईक दिसलं नाही की ती उगीचच काचेबाहेर बघायला लागायची. एका मोकळ्या दुपारी कपाटताई कपाटाच्या दाराआडून म्हणाल्या, “आज तुझा विचारवंत नाही आला?”

“माझा कशाला? आणि तो काही घेत नाही, नुसता वेळ खातो.”

“हो का? मग केस का नीट करतेयस?”

कपाटताई थट्टा करत होत्या, पण दाराला धरून उभ्या होत्या. त्यांचे पाय घोट्यापासून सुजले होते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, उभं राहणं कमी करा नाहीतर नोकरी सोडा. घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चालायचं. त्यांनी मामाकडे साधं स्टूल मागून पाहिलं, तर मामा म्हणाला, “आज स्टूल मागाल, उद्या उशी.” या महिन्याअखेर कपाटताई काम सोडणार होत्या, आणि घर कसं चालवायचं ते त्यांना माहीत नव्हतं. हे ऐकल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

तिने ते ड्रायव्हरला सांगितलं. तो पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाला, “रविवारी या. आमचा समता गट आहे. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत भेटतो.”

रविवारी ती गेली. खोलीत चार खुर्च्या होत्या आणि चारही खुर्च्यांत मुलगे बसून स्त्री-पुरुष समानतेवर तावातावाने बोलत होते. कायदा शिकणारी एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती, दुसरी चहा गाळत होती.

“इथेही बायकांना बसायची परवानगी नाही का?” तिने विचारलं.

चारही मुलगे ताडकन उठले. मग कोणी बसेचना. ‘तू बस’, ‘नाही, तू बस’ करत अख्खी बैठक उभ्यानेच पार पडली. चहा एका लुकड्या मुलाने गाळला आणि तो इतका वाईट झाला की सगळ्यांनी गटाच्या कार्यासाठी म्हणून गिळला.

कायदेवाली म्हणाली, “तक्रार करता येईल, पण निकाल लागेपर्यंत ताईंचं काम सुटलेलं असेल. आणि हो, तुमच्या दुकानाचं आम्हाला माहीत आहे. बायकांना कुठे कुठे बसू देत नाहीत हे बघायला आम्ही बाजार वाटून घेतला होता. तुमच्या दुकानांची ओळ याच्याकडे होती.” तिने ड्रायव्हरकडे बोट दाखवलं.

भाची गर्रकन त्याच्याकडे वळली. म्हणजे ती डुलती खुर्ची, तो सोफा, ते हसणं... सगळी पाहणी?

“पहिल्यांदा!” ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. “शपथ, फक्त पहिल्यांदा त्यासाठी—”

“आणि नंतर?”

त्याने तोंड उघडलं. सगळा गट कान टवकारून बघत होता. त्याने तोंड मिटलं.

“असू दे,” ती म्हणाली. “ताईंचं काय करायचं ते बोला.”

ठरलं ते असं, की गटातल्या सगळ्यांनी शनिवारी गिऱ्हाईक बनून जायचं आणि ‘बसून दाखवा, बसून दाखवा’ म्हणत दोघींना दिवसभर बसवून ठेवायचं. मामाला कळू द्यायचं, की बायका बसल्या म्हणून दुकान बुडत नाही.

शनिवारी दुकान फुलून गेलं. मामाच्या चेहऱ्यावर तेज आलं. “खुर्ची, तिकडे दाखव! कपाट, इकडे ये!” ती या खुर्चीतून त्या खुर्चीत बसत होती आणि प्लॅस्टिक थांबायचं नाव घेत नव्हतं. कायदेवालीने कपाटताईंना पलंगावरच्या गादीवर आडवं करून सोडलं होतं. “मऊ आहे का ते बघायचंय. पाच मिनिटं तरी पडा, त्याशिवाय कसं कळणार?” सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग तो लुकडा मुलगा भलत्याच उत्साहाने मामाकडे गेला.

“हे कपाट आवडलं. कोणीतरी जरा यात बसून दाखवा.”

मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कपाटात?”

“हो. म्हणजे... अंदाज येईल.”

मामाची नजर फिरली. दुकानभर गिऱ्हाईक, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, आणि किंमत एकानेही विचारलेली नाही! खांबाआड अंग चोरून उभा असलेला खाकी शर्ट त्याला दिसला.

“हा! महिनाभर नुसता विचार करतोय तो हाच!” मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. “नाटक चाललंय माझ्या दुकानात? खुर्ची! तुला हे माहीत होतं?”

ती उठून उभी राहिली. नाही म्हणाली असती तर सुटली असती. पण एका उसन्या दिवसासाठी खोटं बोलून काय मिळणार होतं? सोमवारी ताई पुन्हा दाराला धरून उभ्याच राहणार होत्या.

“माहीत होतं,” ती म्हणाली. मग तिने समोरची खुर्ची ओढली आणि मामाच्या डोळ्यांदेखत तिच्यात बसली.

“ऊठ.”

“नाही.”

ड्रायव्हर पुढे धावला. “साहेब, मीच म्हटलं बसून दाखवा! गिऱ्हाईक म्हणून—”

“तू गप्प बस,” ती त्याला म्हणाली. दोघांमधलं ‘तुम्ही’ तिथेच गळून पडलं, आणि त्याचं भान दोघांनाही नंतर आलं. “मला कोणी सांगितलेलं नाही. मामा, मी काही दाखवत नाहीये. पाय दुखतात रे माझे, म्हणून बसलेय.”

दुकानात ‘साहेब’ सोडून ‘मामा’ ती पहिल्यांदाच म्हणाली होती. मामा चरकला, पण सगळ्यांसमोर माघार कशी घ्यायची? त्याने फोन उचलला आणि बहिणीला, म्हणजे तिच्या आईला लावला. रागाच्या भरात स्पीकर चालू राहिला.

“तुझी मुलगी बसलीय!”

“कुठे?”

“खुर्चीत!”

“मग कुठे बसायला हवी होती?”

“अगं, कामाच्या वेळेला! सगळ्यांसमोर!”

“आणि तू कुठे आहेस रे आत्ता? उभा आहेस?”

मामाने खाली पाहिलं. तो फिरत्या खुर्चीत होता. सगळा गट छताकडे बघत हसू दाबत होता. मामाने फोन ठेवला, तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. एक वृद्ध जोडपं होतं. गटाचं नव्हतं, खरंखुरं गिऱ्हाईक होतं.

“ती गादी हवी होती आम्हाला,” आजोबा कुजबुजले.

“कुठली?”

“त्या बाई झोपल्यात ती. अशी झोप आम्हाला लागून जमाना झाला.”

एवढ्या आरडाओरड्यात कपाटताई खरंच गाढ झोपल्या होत्या! तोंड किंचित उघडं, मंद घोरणं चालू. मामा तरातरा पलंगाशी गेला आणि थबकला. चपला गळून पडल्या होत्या. सुजलेल्या पायांवर पट्ट्यांचे खोल वळ उमटले होते. दुकान काढलं त्या दिवसापासून ही बाई त्याच्याकडे होती आणि तिचे पाय त्याने आज पाहिले. त्याला स्वतःची लाज वाटली.

“गुंडाळून देतो,” तो जोडप्याला म्हणाला. “पण... त्या उठल्यावर.”

“घाई नाही हो,” आजी म्हणाल्या.

मामा भाचीजवळ आला. “ठीक आहे. दोघींना एकेक स्टूल देतो. गादी खपली म्हणून.”

“गादी खपली म्हणून नको. पाय आहेत म्हणून दे.”

“बरं बाई, पाय आहेत म्हणून.”

“आणि स्टूल नको. पाठ टेकता आली पाहिजे.”

“स्टुलाला पाठ नसते!”

“म्हणून तर म्हणते, खुर्ची दे.”

मामाने सुस्कारा सोडला. इतकी चिवट विक्रेती त्यानेच तयार केली होती. “...खुर्ची,” तो म्हणाला, “पण प्लॅस्टिक राहील!”

“प्लॅस्टिक मी आत्ता काढते,” ती म्हणाली आणि काढलंच.

सोमवारी संध्याकाळी ती मुद्दाम ड्रायव्हरच्या बसमध्ये चढली. बसमध्ये जागा होती, तरी ती थेट पुढे गेली आणि त्याच्या मागचा दांडा धरून उभी राहिली. डोक्यावर पाटी होती : ‘चालकाशी बोलू नये.’

“मी बोलत नाहीये,” ती म्हणाली. “नुसती उभी आहे. कोणाचं तरी उत्तर राहिलंय.”

आरशात त्याचे कान लाल झालेले दिसले. पुढचा स्टॉप आला, बस थांबली. तो घाईने म्हणाला, “पाहणीसाठी एकदाच आलो होतो.” दार लागलं, बस निघाली. आजूबाजूचे प्रवासी सावरून बसले.

त्याच्या पुढच्या स्टॉपला : “माझ्या घरी खुर्च्या आहेत. भरपूर आहेत.”

मग लाल सिग्नल लागला. “खुर्चीत बसल्यावर तू डोळे मिटतेस ना... तेवढं बघायला यायचो. दिवसभर तेवढ्यासाठी गाडी हाकायचो. मला तू—”

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न बोंबलले आणि वाक्य तसंच लटकत राहिलं.

“अरे देवा!” पहिल्या बाकावरच्या आजी कळवळल्या. “पुढे माझा स्टॉप आहे! मुली, तुझं काय ते तू तरी सांगून टाक गं.”

“आजी, चालकाशी बोलायला मनाई आहे,” ती म्हणाली, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “म्हणून तुम्हाला सांगते. मलाही तो आवडतो. फार आवडतो. आणि त्याला म्हणावं, पुढे बघून गाडी चालव.”

आजी इतक्या खूश झाल्या की त्यांचा स्टॉप आला आणि गेला. एका मुलाने उठून तिला जागा दिली. “ताई, बसा ना.”

“नको रे. आज हवं तेव्हा बसून घेतलंय,” ती म्हणाली. “आता उभं राहायचंय.”

आणि आरशातल्या दोन डोळ्यांकडे बघत, दांडा धरून, ती शेवटच्या स्टॉपपर्यंत तिथेच उभी राहिली. तिचं घर केव्हाच मागे गेलं होतं.