भिंतीआडची साक्ष

काम तसं साधं होतं. अपिलाची सुनावणी जवळ आली होती आणि बाईंना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकते त्यांना, एक भिंत तपासायची होती.

आमचा अशील मावशीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगत होता. 'मी आलो तेव्हा ती गेलेलीच होती, घाबरून सुरी उचलली, एवढंच,' असं तो पहिल्यापासून सांगत होता. पण शेजारणीनं शपथेवर सांगितलं, की भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला: "बाळा, नको रे..." खालच्या कोर्टाला तेवढं पुरलं. त्या भिंतीतून आवाज येतो का, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

शेजारीण केव्हाच जागा सोडून गेलेली. दोन्ही खोल्या रिकाम्या.

"तू शेजारणीच्या खोलीत बस. मी पलीकडून तेच वाक्य बोलते," बाई म्हणाल्या. "आणि उंदीर दिसला तर किंचाळू नकोस, उगाच पुराव्यात येईल!"

मी झुरळालाही दचकते, हे त्यांना ठाऊक. हसून आत गेले, दार लोटलं. दुपार होती, पण खिडकीला खेटून उंच इमारत, त्यामुळे आत पाण्याखाली असावा तसा उजेड. ओल्या चुन्याचा वास. भिंतीला कान लावला. गार. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मला हायसं वाटलं. ऐकू न येण्यातच त्याची सुटका होती.

मग अगदी कानाशी एका म्हाताऱ्या बाईचा दमलेला आवाज आला.

"तो नाही गं..."

मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. तेवढ्यात त्या धापा टाकत जिना चढून माझ्याच दारात आल्या.

"पलीकडचं कुलूपच उघडेना. रखवालदाराला बोलवायला खाली गेले होते. अगं, पांढरीफटक का पडलीस?"

"काही नाही... उंदीर."

कुलूप तोडलं. बाई पलीकडून बोलल्या, मग ओरडल्या. मला अवाक्षर ऐकू आलं नाही. पुढे कोर्टाच्या माणसांसमोर पुन्हा पाहणी झाली, त्यांनाही नाही. आमचा अशील सुटला.

निकालात शेजारीण खोटी ठरली. पण ती खोटं बोललीच नव्हती. त्या भिंतीतून जिवंत माणसाचा आवाज येत नाही, एवढंच आम्ही सिद्ध केलं होतं. मावशी मेल्यावर बोलली असणार. पोरगं सुरी उचलतंय, हे बघून कळवळली असणार.

राहवेना, म्हणून शेजारणीची माफी मागायला गेले. नव्या घरात तिची खाट खोलीच्या मधोमध होती, चारही भिंतींपासून लांब.

"तुझ्याशीही बोलली ना?" तिनं हळूच विचारलं. "भिंत कुठलीही चालते तिला, पोरी. एकदा ऐकलं की झालं."

"मग मारलं कुणी, ते विचारलंत कधी?"

"तेवढं मात्र विचारू नकोस."

काल दुपारी घरात मी एकटीच होते. कपाटामागच्या भिंतीतून पुटपुट सुरू झाली. एका माणसाची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती, आणि ज्याच्यापायी ती गेली तो मोकळाच होता. मी धीर करून विचारलं, "मावशी... मग होतं तरी कोण?"

"सांगते," ती म्हणाली. "तो..."

आणि खोलीत तिसरं माणूस आलं की बाया मध्येच बोलणं तोडतात ना, तशी ती गप्प झाली.