खिंडीपलीकडचं तळं

"एकच्या आत खिंड गाठा. एक वाजून गेला, तर खिंड हाताच्या अंतरावर दिसत असली तरी मागे फिरा. द्याल शब्द?"

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डोंगरवाटेचं परमिट हातात देताना रेंजरबाईंनी माझ्या डोळ्यांत बघत विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. त्या डोंगरांत दुपारी विजा पडतात. आणि माझं म्हणजे, शब्द दिला की दिला. आम्ही सांगलीकडचे जैन. सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. न गाळलेलं पाणी तर कधीच नाही. हे नियम सांभाळत मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आले, आणि नोकरी लागली ती कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात, पाणी शुद्ध करण्याच्या विभागात! मैत्रिणी अजून हसतात.

असे सगळे नियम पाळणाऱ्या माझ्याकडून एकच शब्द आठ महिने पाळला गेला नाही. तो ज्याला दिला होता, तो मला त्याच दिवशी भेटला.

आयडाहोतल्या सॉटूथ डोंगरांत पंधरा मैलांची एक वाट आहे. चार तळ्यांना वळसा घालून, मध्ये एक खिंड ओलांडून, निघालो तिथेच परत आणणारी. पहिल्याच तळ्याशी माझ्या मैत्रिणीच्या, अपर्णाच्या, टाचेला फोड आला आणि ती बूट काढून बसली. मी काठावर वाकून, सुती फडक्याची दुहेरी घडी बाटलीच्या तोंडावर धरून पाणी गाळत होते. वाऱ्याचा एक झोत आला — आणि फडकं तळ्यात!

"अगं बाई, गेलं!"

"गेलं नाही जी... आलंच समजा."

इतक्या उंचावर मराठी! मी वळून बघेपर्यंत एक उंच मुलगा गुडघाभर पाण्यात शिरलासुद्धा. चालायच्या काठीने त्याने फडकं ओढून घेतलं, थंडीने दात वाजत असताना बाहेर आला आणि मोठ्या अभिमानाने ते खडकावर घट्ट पिळून, दोनदा झटकून माझ्यापुढे धरलं.

"घ्या. एकदम ड्राय."

मी फडक्याकडे बघितलं. मग खडकाकडे.

"तुम्ही... पिळलंत?"

"हो ना. काहून? ब्रँडेड होतं काय?"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. "गाळताना फडक्यात बारीक जीव अडकतात," मी हळूच म्हटलं. "ते ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडायचे असतात. फडकं उलटं धरून, हलक्या हाताने धुवून. ते आता... त्या खडकावर आहेत."

आता थट्टा होणार, असं मी धरूनच चालले होते. सवय होती मला. पण त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"रोज सकाळी पहिलं शील म्हणतो मी. जीवहिंसा करणार नाही, म्हणून. बौद्ध आहे, नागपूरचा. प्रफुल्ल गजभिये." त्याने खडकाकडे बघितलं. "आणि आज फडकं पिळून, वरून झटकून ते मोडलं."

मग त्याने बाटली भरली आणि खडकावर ओतली. पाण्याची बारीक धार ओघळत तळ्याला मिळाली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पुन्हा... पुन्हा.

"अहो गजभिये, खडक झिजेल!" अपर्णा ओरडली.

"पुरे आता," मी म्हटलं.

"नक्की? सगळे पोचले? हजेरी घेऊ काय?"

मी हसले. त्याने बघितलं, आणि मी घाईघाईने फडक्याची घडी घालू लागले. घडी काही केल्या जमेना.

त्या खडकापायी आमचा अर्धा तास गेला. अपर्णा मागे फिरली. मी आणि तो पुढे निघालो. खिंड दोनशे पावलांवर आली तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि थांबले. एक वाजून दहा मिनिटं.

"ऊन बघा की किती लख्ख आहे! पलीकडे ते निळं तळं आहे मॅडम, नुसतं डोकावून—"

"मी शब्द दिलाय. तुम्ही जा ना."

त्याने खिंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एकट्याने बघितलं तर सांगू कुणाला?" म्हणाला, आणि वळला. तासाभरात त्याच खिंडीवर ढग कडाडले.

तो राहायचा ईडन प्रेरीला, मिनेसोटात. पण लवकरच चँडलरचा सूर्यास्त त्याला माझ्यापेक्षा नीट ठाऊक झाला. ऑफिसात उशीर झाला की मेसेज यायचा — 'जेवलीस? एकोणीस मिनिटं उरलीत.' शनिवारी तो सावजी रस्सा करायचा आणि फोनवर नाक ओढत जेवायचा.

"कांद्याचा त्रास होत नाही ना तुला?"

"फोनमधून वास कसा येईल?"

"आणि समजा... समोर बसलो तर?"

त्या रात्री फोन दोघांनीही लवकर ठेवला नाही.

नाताळच्या सुट्टीत तो चँडलरला आला आणि त्याने सरळच लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. "फक्त घरी मी सांगेन. माझ्या तोंडून. शब्द देते."

दिवस ठरला पाडव्याचा. पाडवा गेला. मग बाबांच्या वाढदिवसाचा. तोही गेला. बाबा आमच्या देवळाचे विश्वस्त. मुलगा आपल्यातलाच हवा, हे आमच्या घरात कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही, इतकं ते ठरलेलं. दर वेळी मी फोन लावायची, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि ठेवून द्यायची.

या ऑगस्टमध्ये आम्ही ती वाट पुन्हा धरली. चढताना दोघांच्याही तोंडी फार शब्द नव्हते. दम तेवढाच होता, आणि जिद्द. दगडांच्या राशीतून शिट्ट्या मारणारे छोटे प्राणी पळत होते. शेवटच्या चढावर बर्फाचा पट्टा लागला. त्याने बुटाच्या टाचेने पायऱ्या पाडल्या आणि मी एकेक पायरी चढत गेले. बारा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही खिंडीत उभे होतो.

खाली ते तळं... निळं म्हणावं तर हिरवं, आणि इतकं निवांत, की त्यात ढग जास्त खरे वाटत होते.

"अबे यार!" प्रफुल्ल लहान मुलासारखा हसला. "वर्षभर थांबलो त्याचं सोनं झालं!"

आणि मला आता लपवणं शक्यच होईना.

"प्रफुल्ल, बाबांनी जयसिंगपूरच्या एका स्थळाच्या लोकांना घरी बोलावलंय. माझ्यासाठी. रविवारी दहा वाजता. म्हणजे... आज रात्री, आपल्या इथल्या."

त्याचं हसू हळूहळू विरलं. "तू त्यांना नको म्हणालीस?"

"मी काहीच म्हटलं नाही."

त्याने तळ्याकडे पाठ फिरवली. "तू मला नाही म्हण, हर्षिता. मी ऐकीन. त्रास होईल, पण ऐकीन. हे काहीच न म्हणणं नको."

"बाबांचं मन दुखेल रे."

"दुखेल. पण तू पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवांना जपतेस," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मी तर सहा फुटांचा आहे. दिसतो ना?"

आणि तो उतरू लागला. माझ्यासाठी न थांबता, पहिल्यांदाच.

उतार घसरडा होता. मी एकटीच पाऊल जोखत उतरत राहिले. दुसरं तळं मागे पडलं, तिसरंही. माझे नियम... ते किती सोपे होते! उपाशी राहायचं ते मी, तहान सोसायची ती मी. दुखायचं तर माझंच. हा एकच शब्द असा होता की तो पाळताना माझ्या माणसाचं मन दुखणार होतं, आणि न पाळताना माझ्याच दुसऱ्या माणसाचं दुखत आलं होतं. आठ महिने! आणि मी त्याला सोशिकपणा म्हणत होते. ती भीती होती. पायाखालचा दगड सरकला, मी सावरले आणि चालण्याचा वेग वाढवला.

चौथ्या तळ्याशी तो बुटाची नाडी बांधत बसला होता. नाडी सुटलेली नव्हतीच.

"आज सांगते," मी धापा टाकत म्हटलं.

"हॉटेलवर पोचल्यावर?"

"नाही. तिथवर जाईपर्यंत मी आणखी एक कारण शोधून काढीन. आत्ताच."

शेजारून एक वयस्कर अमेरिकन बाई फोन खिशात टाकत येत होती. इथे रेंज मिळते का, मी विचारलं. तिने मागच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. अगदी माथ्यावर गेलं तर मिळते, म्हणाली. साडेसहा वाजले होते. सांगलीत सकाळचे सहा. बाबा उठून बसले असतील.

"मी येऊ सोबत?" प्रफुल्ल उठला.

"नको. हे माझं मीच करायचंय."

"रागावले तर?"

"रागावू देत. मी फोन ठेवणार नाही."

"काय सांगशील?"

मी त्याच्याकडे बघितलं. उन्हाने भाजलेलं नाक, गालावर धूळ, आणि डोळ्यांत मावत नसलेली धाकधूक. इतका आवडला मला तो त्या क्षणी...

"तुझं नाव. आडनावासकट," मी म्हटलं. "आणि हेही, की लग्न तुझ्याशीच करायचं मी ठरवलेलं आहे."

त्याने बाजूला होऊन मला वाट दिली.

टेकाडाला पायवाट नव्हती. मोठाले खडक होते, मधूनमधून खुरटं गवत. मी पाठपिशवी त्याच्यापाशी ठेवली, फोन मुठीत धरला आणि चढायला लागले.