लाल कापडातला दुसरा खंड

"एक, तीन," विधीनं कपाटातले खंड मोजले. "नाना, ग्रीक लोकांना दोन येत नव्हता का?"

एरवी लीलाधर नाना या चेष्टेवर खळखळून हसले असते. आज मात्र ते कपाटाचं दार धरून नुसते उभे राहिले. आपल्या आजोबांचा असा चेहरा मेघानं कधी पाहिला नव्हता.

नाना शिंदखेड्याचे निवृत्त संस्कृत शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी एकच वेड जपलं होतं, युरोपात छापलेले जुने ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ जमवायचं. काही एका बंद पडलेल्या मिशनच्या बंगल्यातून मिळाले, तर काही रद्दीच्या ढिगातून. असे एकतीस ग्रंथ जमले, आणि ते वाचता यावेत म्हणून हा गृहस्थ साठीनंतर दोन्ही भाषा शिकला. घर लहान, म्हणून ग्रंथ वाचनालयाच्या कपाटात ठेवलेले. त्यांत मानाचा होता शेतीवरचा एक ग्रीक ग्रंथ. तीन खंडांचा आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचा.

दिवाळीच्या सुटीत धुळ्याहून आलेल्या मेघाला हे सगळं तोंडपाठ होतं. वर्गातली मुलं तिला "रद्दीवाल्या आजोबांची नात" म्हणून चिडवायची, तेही ती विसरली नव्हती. म्हणूनच आजचा दिवस तिला हवा होता. जळगावच्या नव्या ग्रंथसंग्रहालयात नानांच्या ग्रंथांसाठी एक दालन राखून ठेवलं होतं आणि चार वाजता तिथल्या दिपमाला मॅडम ग्रंथ बघायला येणार होत्या. अट एकच होती. तीन खंडांचा संच पूर्ण हवा.

"खान्देशातल्या पोराला ग्रीक शिकावंसं वाटलं, तर पुस्तक त्याला खान्देशातच मिळालं पाहिजे," असं नाना नेहमी म्हणायचे.

वाचनालयाचे चिटणीस हेमराजभाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "दुसरा खंड तुम्हीच घरी नेला असेल, नाना. नाहीतर तो नव्हताच मुळी. वय झालं की होतं असं."

मेघाला असा राग आला, की तिनं मनन आणि विधी या शेजारच्या बहीणभावांना ओढतच अंगणातल्या निंबाखाली आणलं.

"नाना विसरत नाहीत," ती म्हणाली. "सहा महिन्यांपूर्वी माझे गणितात किती मार्क गेले, तेही त्यांना आठवतं."

"म्हणजे चोरी झाली," मनन म्हणाला. "पण चोर अर्धवट असणार. पहिल्या आणि तिसऱ्या खंडाला चामड्याची बांधणी आहे, वर सोनेरी अक्षरं आहेत. ते ठेवले, आणि दुसरा नेला?"

"दुसऱ्याचं चामडं वाळवीनं खाल्लं होतं," मेघा म्हणाली. "नानांनी त्याला माझ्या आजीच्या जुन्या लुगड्याचं लाल कापड लावून बांधलं."

"चोर नंतर शोधा," विधी कुरकुरली. "मला वह्या घेऊन पूजेला जायचंय. आज ज्ञानपंचमी आहे, पोथ्या-वह्यांच्या पूजेचा दिवस. आजीनं सकाळपासून दहा वेळा बजावलंय."

मनन बोलता बोलता थांबला. "आमच्या आजीला चामडं चालत नाही. माझा पट्टासुद्धा ती पूजेजवळ येऊ देत नाही." मग तो सावकाश म्हणाला, "आणि आमच्या आजोबांनी दिलेल्या पोथ्या नानांच्या ग्रंथांच्याच कपाटात असतात. दरवर्षी ज्ञानपंचमीला आजी त्या पूजेसाठी नेते."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि धूम ठोकली.

जैनांच्या उपाश्रयात लाकडी बाजोठावर पोथ्या ओळीनं मांडल्या होत्या, धूप दरवळत होता. रेशमी रुमालांतल्या पोथ्यांच्या मधोमध, पाच दिव्यांच्या उजेडात, आपल्या आजीच्या लुगड्याचा लाल रंग मेघानं लांबूनच ओळखला.

मननची आजी जतनबाई हळू आवाजात म्हणाली, "काय व्हयनं पोरी? काबरं धापा टाकी ऱ्हायनी?"

मेघानं सगळं सांगितलं. म्हातारीनं कपाळावर हात मारला. "माले काय ठाऊक? जुना कागद, अक्षर काही ओळखाये ना. माले वाटनं, एखादी जुनी पोथी शे."

"आजी, चार वाजता मॅडम येणार आहेत!"

"मांडेल पोथी पूजा व्हवानी आधी उचलतस नही, बेटा."

हात लांब केला असता तर पुस्तक मिळालं असतं. पण नाना देवळात काय आणि वाचनालयात काय, पुस्तकापुढे आधी हात जोडायचे. मेघा मुकाट्यानं मांडी घालून बसली. घड्याळाकडे बघून बघून तिची मान दुखायला लागली.

चार वाजून दहा मिनिटांनी वाचनालयात हेमराजभाऊ दिपमाला मॅडमना समजावत होते, "दोनच खंड होते हो. नानांचं आता तुम्ही फार मनावर घेऊ नका." मॅडमनी वही मिटली होती. नाना खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात दारातून छोटीशी मिरवणूकच आत आली. पुढे वह्या घेतलेली विधी, मग मनन, मग दोन्ही हातांवर ग्रंथ धरलेली मेघा आणि शेवटी काठी टेकत जतनबाई.

"हेमराज!" म्हातारीचा आवाज खणखणीत होता. "काल मी तुले इचारं, पोथ्या कोठे शेतस? तू काय सांगं? कपाटमा शेतस, लागतीन त्या लई जा. मान बी वर करी नही तू!"

हेमराजभाऊंनी मोबाइल खिशात घातला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच खिशात गेला असेल. "चुकलं माझं, नाना," ते पुटपुटले.

मॅडमनी ग्रंथ उघडला. एका रकान्यात ग्रीक, शेजारच्यात लॅटिन. पानन् पान जागेवर होतं. "संच पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "सर, दालन तुमचं." कापडावर पूजेत वाहिलेल्या वासक्षेपाची पिवळसर चंदनी पूड पडली होती. ती झटकायला त्यांनी हात उचलला.

"राहू द्या," नानांनी त्यांना थांबवलं. "इतकी वर्षं हा ग्रंथ फिरला. त्याची पूजा झाली ती आपल्या शिंदखेड्यात."

खंड कसा सापडला ते सगळं ऐकून त्यांनी मुलांना जवळ घेतलं. "मी चाळीस वर्षं पुस्तकं शोधली. पण काय नाहीसं झालं यापेक्षा काय मागे राहिलं हे बघून शोधायचं, ते तुम्ही मला आज शिकवलंत. आणि पूजा होईपर्यंत थांबलात, याचा मला जास्त अभिमान वाटतो."

मॅडमनी पुन्हा वही उघडली. ग्रंथ कोणाकोणाच्या हातून इथवर आला, ते त्यांना लिहायचं होतं. पहिल्या पानावर शाईनं लिहिलेली चार परदेशी नावं नानांनी वाचून दाखवली. मग स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "पुढे लिहा, जतनबाई, मनन, विधी, मेघा."

"आणि हेमराजभाऊ?" मॅडमनी विचारलं.

"कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती, एवढं लिहा." यावर हेमराजभाऊसुद्धा हसले.

मॅडम मेघाकडे वळल्या. "तुझं पूर्ण नाव सांग."

मेघा ताठ उभी राहिली. "नुसतं मेघा लिहा, मॅडम. आणि पुढे लिहा, रद्दीवाल्या आजोबांची नात."