एक्केचाळीस धोके

"पेशंट कुठाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"तुमच्याच टेबलावर," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं. एका हातात मांजराचा पंजा, नाकावरून घसरलेला चष्मा, आणि परीक्षेला चुकीच्या वर्गात जाऊन बसलेल्या मुलासारखा गोंधळलेला चेहरा.

"तुम्ही... कॉम्प्युटरवाले?"

"वाली," मी म्हटलं. "मामाची कंबर धरलीय, म्हणून मी आले. चालेल ना?"

"चालेल म्हणजे—" तो एवढंच म्हणाला, हातातला पंजा जरा जोरात दाबला गेला आणि तो मांजराला सॉरी म्हणाला. मला नाही, मांजराला!

खरं तर मी तिथे जाणारच नव्हते. आमच्या दुरुस्तीच्या दुकानात बाहेरची कामं मामा करतो आणि मी आत बसून बिघडलेल्या यंत्रांशी भांडते, अशी आमची वाटणी. मला ती पसंत होती. माणसं गोड बोलतात आणि मग आपलं म्हणणं फिरवतात, असा माझा अनुभव. यंत्रांचं तसं नसतं. त्या जनावरांच्या दवाखान्यात मी पाऊल टाकलं ते निव्वळ मामाच्या कंबरेमुळे.

टेबलावरचा कॉम्प्युटर नुसता बोंबलत होता. भलीमोठी लाल चौकट, त्यात ढाल, तलवार, आणि दर अर्ध्या मिनिटाला भोंगा. भोंगा वाजला की बाहेर बाकावर बसलेली सगळी कुत्री त्याला साथ द्यायची. चौकटीचं म्हणणं असं, की या कॉम्प्युटरमध्ये एक्केचाळीस व्हायरस आहेत आणि आत्ताच्या आत्ता पूर्ण अँटिव्हायरस विकत घेतला नाही तर काही खरं नाही.

"मी सगळी नावं लिहून ठेवलीत," डॉक्टर म्हणाला. त्यानं औषधं लिहायच्या पॅडचे दोन कागद पुढे केले. खरंच, एक ते एक्केचाळीस, ओळीनं, सुवाच्य अक्षरात.

"डॉक्टर असून तुमचं अक्षर वाचता येतंय?"

"माझ्या पेशंटना वाचता येत नाही, म्हणून कुणी शिकवलंच नाही घाण लिहायला."

मला हसू आवरेना. मग मी कडक आवाजात विचारलं, "हे आलं कुठून?"

"कुत्र्यांच्या वजनाचा तक्ता शोधत होतो. मध्येच एक चौकट आली. धोका आहे, तपासून घ्या म्हणाली. मी 'हो' म्हटलं." तो ओशाळून हसला. "एवढं काळजीनं विचारत होती..."

"काळजीनं!" मी कपाळावर हात मारला. "अहो, हा अँटिव्हायरस नाही, त्याचं सोंग आहे. बघा." मी इंटरनेटची वायर उपटली आणि हातात धरली. चौकट तरीही ओरडत होती, की तुमची माहिती या क्षणी बाहेर पाठवली जात आहे. "कुठून पाठवतोय? वायर तर माझ्या हातात आहे. आता पुन्हा तपासायला सांगते."

वीस सेकंदांत तपासणी संपली. एक्केचाळीस. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा एक्केचाळीस.

"एवढी मोठी डिस्क वीस सेकंदांत कुणी तपासत नाही. आणि आकडा बघा, एक कमी नाही, एक जास्त नाही. सगळ्यांत मोठी खूण म्हणजे घाई. आत्ताच करा, लगेच पैसे भरा! खऱ्याला अशी घाई नसते. तो सापडलेलं गुपचूप बाजूला काढतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ देतो."

डॉक्टरचे डोळे एकदम चमकले. "म्हणजे हा आमचा नाटक्याच!"

टेबलाखालून एक तपकिरी कुत्रा बाहेर आला आणि लंगडत माझ्याजवळ येऊन बसला. मला भरून आलं.

"दया दाखवू नका," डॉक्टर म्हणाला. "त्याला काहीही झालेलं नाही. बिस्किट हवं असलं की लंगडतो. पण कुठला पाय ते लक्षात ठेवत नाही. सकाळी डावा, आत्ता उजवा."

मी बिस्किट दिलं. नाटक्या चारही पायांवर तुरुतुरु चालत गेला, आणि आम्ही दोघं एकाच वेळी हसलो. एकाच वेळी थांबलोसुद्धा... आणि मग उगाचच मी कीबोर्ड पुसला.

काम तासाभराचं होतं. माझा पेनड्राइव्ह आधीच लावून ठेवला, मग कॉम्प्युटर 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरता, सुरू केला. तिथे हे सोंग जागं होत नाही. झोपेतच त्याचं बिऱ्हाड पुसून टाकलं, चालू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं, आणि माझ्या पेनड्राइव्हवरच्या खऱ्या प्रोग्रामनं सगळी डिस्क तपासली. शेवटी त्याच पेनड्राइव्हवरून 'काय करावं, काय करू नये' ही माझी फाइल उतरवून दिली.

"सगळे पासवर्ड बदला," मी निघताना बजावलं.

"आणि नवा विसरलो तर?"

"तर मला बोलवा."

हे मी का म्हणाले, देव जाणे. पासवर्ड विसरण्याशी माझा काहीएक संबंध नव्हता.

दहाव्या दिवशी फोन आला. तीच चौकट, तोच भोंगा, तेच एक्केचाळीस. मी तणतणत गेले. "पुन्हा कुठेतरी 'हो' म्हणालात ना? फाइल वाचली नाहीत? शिकलेली माणसं तुम्ही!" चांगली पाच मिनिटं मी तोंडाचा पट्टा सोडला. डॉक्टरनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"असेल," तो म्हणाला. "चहा घेणार?"

आणखी दहा दिवसांनी तिसरा फोन आला तेव्हा मात्र मी तणतणले नाही. माझ्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला होता. एवढा हुशार माणूस, तीन-तीनदा एकाच खड्ड्यात पडतो? छे! मुद्दाम पडतो. मला बोलवायला पडतो! त्या विचारानं मला इतकं छान वाटलं, की मी घरी जाऊन कानातलं बदलून आले.

"व्हायरस काढायला कानातलं लागतं वाटतं हल्ली?" मामानं विचारलं. मी ऐकलंच नाही.

"मला आता नाटक्यांची लक्षणं कळायला लागलीत हं, डॉक्टर," मी काम करता करता म्हणाले.

"असं?" तो हसला. "मग औषध काय देता?"

"अजून ठरवलं नाही."

पेनड्राइव्ह देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यानं घाईनं हात मागे घेतला नाही. मीही नाही. त्या दिवशी दुकानात परतताना मी चक्क गुणगुणत होते.

आणि आठवड्याभरानं दुकानात भोंगा वाजला.

आमच्याच कॉम्प्युटरवर. लाल चौकट, ढाल, तलवार, एक्केचाळीस.

"हे काय आणलंस?" मामा म्हणाला. "मी तर फक्त दहाएक दिवसांपूर्वी एकदा तुझा पेनड्राइव्ह लावला होता."

मी पेनड्राइव्ह हातात घेतला. त्या पेनड्राइव्हच्या कडेला एक छोटा खटका आहे. तो ओढला की त्यावर बाहेरचं काही चढूच शकत नाही. मी खटका ओढून पाहिला. तो सैल होऊन नुसता डुगडुगत होता. किती दिवसांपासून? माहीत होतं मला, महिनाभर तरी. नवीन घेऊ, उद्या घेऊ, असं चाललं होतं माझं. पहिल्याच फेरीत, सेफ मोडच्या आधी, ते सोंग दवाखान्यातून माझ्या पेनड्राइव्हवर येऊन बसलं होतं. दर वेळी मी कॉम्प्युटर धुऊन पुसून स्वच्छ करायचे, आणि शेवटी शहाणपणाची फाइल उतरवताना माझ्याच हातानं त्याला परत आत सोडून यायचे. आठ-दहा दिवस ते गप्प बसायचं आणि मग ओरडायचं.

म्हणजे डॉक्टरनं काहीच मुद्दाम केलं नव्हतं. बिचारा खरोखरच त्रासला होता, आणि मी कानातलं घालून त्याला चिडवत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा पेनड्राइव्हकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "आता?"

नवा पेनड्राइव्ह घेऊन गुपचूप सगळं साफ करता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. चूक त्याचीच राहिली असती, मी हुशार ती हुशारच. आणि सांगितलं तर? घरोघर आजार वाटत फिरणाऱ्या बाईला पुन्हा कोण दारात उभं करील? मला तो माणूस आवडत होता. खूप आवडत होता. आणि त्याच्यासमोर खरं बोलले तर तो हातचा जाणार, हे मला दिसत होतं.

"जाते," मी म्हणाले. कानातलं काढून ठेवलं.

दवाखान्यात तो एका सशाचा कान तपासत होता. मला न बोलावता आलेली पाहून तो दचकला. "अजून भोंगा वाजला नाही," तो म्हणाला.

"वाजेल. दोन-तीन दिवसांत." मी दारातच उभी राहिले, नाहीतर धीर सुटला असता. "तुम्ही कुठेच 'हो' म्हणाला नव्हता. दुसऱ्या वेळी नाही, तिसऱ्या वेळी नाही. तो माझ्या पेनड्राइव्हवरून येत होता. खटका मोडला होता, मला माहीत होतं, मी आळस केला. आणि वर तुम्हालाच बोलले. माझं चुकलं."

त्यानं ससा अलगद पेटीत ठेवला. हात धुतले. हात पुसायला त्याला फारच वेळ लागला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"पेनड्राइव्हचं?"

"नाही हो, ते मला काय कळणार. पण मी काही दाबलं नाही, एवढं माहीत होतं. दुसऱ्या वेळी तर आधीचे चार दिवस कॉम्प्युटर चालूच केला नव्हता. लसीकरणाला बाहेरगावी होतो."

"मग बोलला का नाहीत? मी एवढं तोंडसुख घेत होते..."

"बोललो असतो, तर तुम्ही खरं कारण शोधलं असतंत. एका फेरीत शोधलं असतंत, तुमचं काम पाहिलंय मी." त्यानं चष्मा काढला. "मग पुन्हा कशाला आला असतात?"

माझ्या चुकीचा आळ इतके दिवस या माणसानं अंगावर घेतला होता, आणि वर मला चहा पाजला होता.

"हे... खरं कशावरून?" मी म्हटलं. सवय जात नाही ना.

"तुम्हीच शिकवलंत. खऱ्याला घाई नसते." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता. "मला तुम्ही आवडता. उत्तर आज नको. विचार करा... हवा तेवढा."

मी पिशवी उघडली. नवा पेनड्राइव्ह काढला, त्याचा खटका दोनदा ओढून पाहिला आणि कामाला बसले. या खेपेला शेवटची तपासणी पाऊण तास चालली. तो शेजारच्या स्टुलावर बसून होता. शेवटी आकडा आला. शून्य.

"झालं," मी म्हणाले. "आता हा परत येणार नाही. मला बोलवायला कारण उरलं नाही."

"नाही," तो हळूच म्हणाला.

"मग कारणाशिवाय बोलवा."

टेबलाखालून नाटक्या लंगडत आला, कुणीच लक्ष दिलं नाही, तेव्हा पाय बदलून पुन्हा लंगडला.

"उद्या?" डॉक्टरनं विचारलं. "उद्या संध्याकाळी?"

"बघा! आता घाई कोण करतंय?" मी पिशवी उचलून दारापर्यंत गेले, आणि मागे वळले.

"सहा वाजता," मी म्हणाले. "उशीर करू नका."